मर्मस्थान

लहान मुलांच्या पुष्कळशा तक्रारींवर आपल्या घरांतून एक ठरलेले औषध दिले जाते. अंधाराची भीती, बोबडे बोल, परक्या माणसासमोर आईच्या पदराआड लपणे, अशा कोणत्याही गोष्टीची काळजी कोणी बोलून दाखवली की वडीलधारी मंडळी सांगतात, ‘मोठा झाला की जाईल.’ बहुतेक वेळा ते जातेही. मूल मोठे होते म्हणजे ते नुसते उंच होत नाही. काल जी गोष्ट त्याच्याहून मोठी होती, तिच्याहून ते मोठे होते. माणसाची उणीव त्याच्या वाढीत अशी विरून जाऊ शकते, हा मानवी अनुभवातला एक मोठाच दिलासा आहे.

मग जो आधीच सर्वांहून मोठा आहे त्याचे काय? ज्याच्या बळाला सीमा नाही आणि ज्याच्या देहाला एकच एक मर्मस्थान आहे, त्या महानायकाला आपल्या त्या एका दौर्बल्याहून मोठे होता येईल काय? प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. चित्रकथांतल्या नायकांविषयी असे प्रश्न मुलांनी विचारावेत आणि मोठ्यांनी हसून सोडून द्यावेत, अशी रीत आहे. परंतु जगातल्या जुन्यातल्या जुन्या वीरकथा ज्या ठिकाणी येऊन थांबतात ते हेच ठिकाण आहे, आणि विसाव्या शतकाने आपला महानायक घडवला तेव्हा त्यालाही तेथे यावे लागले. म्हणून त्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध महानायकाला, सुपरमॅनला, समोर ठेवूनच हा प्रश्न विचारावा असे मला वाटते. त्यामागे माझा एक खासगी स्वार्थही आहे. तो आधीच सांगून टाकलेला बरा.

लहानपणापासून मी बोलताना अडखळतो. ‘प’ हे अक्षर शब्दाच्या आरंभी आले की ओठ मिटतात ते उघडत नाहीत. आतला शब्द दाराशी येऊन उभा असतो आणि बाहेरून कोणीतरी दार घट्ट धरून ठेवलेले असते. दुर्दैवाने माझ्या नावाचे पहिले अक्षर तेच आहे. मी सात वर्षांचा असताना वडिलांनी मला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, माझ्याकडून चार वाक्ये वदवून घेतली आणि हसून सांगितले, ‘मोठा झाला की जाईल.’ त्यांचे काही चुकले नव्हते. लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचे अडखळणे खरोखरच वयाबरोबर जाते. माझे गेले नाही. आज साठी ओलांडल्यावरही टेलिफोनवर कोणी ‘कोण बोलतंय?’ असे विचारले की मी क्षणभर सात वर्षांचा होतो. तेव्हा महानायकाच्या दौर्बल्याची ही चौकशी केवळ परक्याची चौकशी नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर हे अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातले शाळासोबती. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, दोघेही बुजरे; शूस्टरची दृष्टी अधू. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोरी झाली आणि त्या प्रसंगात हृदय बंद पडून ते वारले. पुढे या दोन तरुणांनी, ज्याच्या कातडीवर बंदुकीची गोळी निष्प्रभ ठरते असा नायक कल्पिला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र बळाची स्वप्ने बहुधा दुबळ्यांच्याच उशाशी येतात, एवढे म्हणायला हरकत नसावी.

‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात हा नायक अवतरला. तेव्हाचा सुपरमॅन आज पाहिला तर नवल वाटते. तो उडत नसे, उड्या मारत असे. एका उडीत सुमारे २०० मीटर अंतर तो तोडी. आगगाडीहून तो वेगाने धावे. त्याची कातडी भेदायला फुटत्या तोफगोळ्याहून कमी काही चालत नसे. याचाच अर्थ असा की फुटता तोफगोळा चालत असे. त्याच्या बळाला माप होते. त्याला मर्यादा होत्या, पण दौर्बल्य नव्हते.

या दोन शब्दांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. मर्यादा ही शक्तीची कड आहे. शक्ती जेथे संपते तेथे मर्यादा सुरू होते, आणि ती सर्वांनाच असते. मला २० किलोंचे ओझे उचलते, ४० किलोंचे उचलत नाही. याला कोणी माझे मर्मस्थान म्हणणार नाही. दौर्बल्य मात्र शक्तीच्या ऐन मध्यभागी असते. पुढच्या काही वर्षांत सुपरमॅन उडू लागला, भिंतीपलीकडचे पाहू लागला, तोफगोळेही त्याला पुरेनासे झाले. एकेक मर्यादा गळून पडली. जेव्हा कोणतीच मर्यादा उरली नाही, तेव्हा त्याला दौर्बल्य द्यावे लागले.

ते कसे दिले गेले याचा इतिहास मोठा बोधक आहे. १९४० साली सीगलने एक कथा लिहिली. तीत सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरून आलेल्या एका धातूपुढे त्याची शक्ती नाहीशी होते. त्याच कथेत, इतके दिवस जिच्यापासून आपले खरे रूप त्याने लपवले होते, त्या लोइस लेनला तो ते सांगून टाकतो. ही कथा त्या काळी प्रसिद्ध झाली नाही. पुढे जून १९४३ मध्ये सुपरमॅनच्या रेडिओमालिकेत क्रिप्टोनाइट अवतरले आणि तेथून १९४९ साली ते चित्रकथेत आले. या १९४९ च्या कथेत एका फसव्या भविष्यवेत्त्याजवळच्या खड्याने सुपरमॅन अकारण दुबळा होतो. त्या खड्याचा माग काढीत, काळाचे अंतर उलटे कापीत तो जेथे पोचतो तो असतो क्रिप्टन, त्याचा नष्ट झालेला जन्मग्रह. आपण कोण, कोठले, आपले आईबाप कोण, हे चित्रकथेतल्या सुपरमॅनला तोवर ठाऊकच नव्हते. त्याच्या मर्मस्थानाने ते त्याला सांगितले.

क्रिप्टोनाइट म्हणजे क्रिप्टनचा तुकडा. बाप ज्या भूमीवर उभा होता आणि जिच्यासह तो नष्ट झाला, त्या भूमीचा कण. सुपरमॅनचे बळ कोठून आले, तर तो क्रिप्टनचा आहे म्हणून. आणि त्याला मारणारे काय, तर तेच क्रिप्टन. आपण दगडाला बिचकत नाही, कारण आपले तेथे कोणी नाही. परक्या भूमीचा दगड कोणालाच मर्मी लागत नाही.

कथाकाराच्या सोयीसाठी हे केले, असे म्हणून या गोष्टीची वासलात लावता येते, आणि ते खोटेही नाही. ज्याला काहीच होऊ शकत नाही त्याची कथा सांगता येत नाही. ग्रीकांच्या अकिलीझचेही असेच झाले आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीझची टाच कोठेही मर्मस्थान म्हणून येत नाही, इतकेच काय, एकविसाव्या सर्गात शत्रूचा भाला त्याच्या हाताला चाटून जातो आणि रक्त निघते. आई थेटिसने त्याला स्टिक्स नदीच्या पाण्यात बुडवून अभेद्य केले, ही कथा पुढे रोमन काळातल्या लेखनात दिसते. वीराला आधी अभेद्य करण्यात आले आणि मग भेद ठेवावा लागला. पण तो भेद ठेवला कोठे? आईने त्याला जेथे धरले होते तेथे. पाण्यात सोडून देता येत नव्हते म्हणून तिने टाच धरली, आणि तिच्या बोटांखाली तेवढी जागा कोरडी राहिली. कथाकाराची सोय पाहायची असती तर ही जागा खांद्यावर असती तरी चालली असते, गुडघ्यावर असती तरी चालली असते. परंपरेने ती आईच्या मुठीत ठेवली. सुपरमॅनच्या निर्मात्यांनीही, कदाचित फारसा विचार न करता, ती मायभूमीच्या दगडात ठेवली.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून माहीत असावे. ‘मर्म’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. शरीराच्या ज्या जागी घाव बसला असता माणूस दगावतो ती जागा म्हणजे मर्म. सुश्रुताने अशा १०७ जागा मोजल्या आहेत. आणि एखाद्या गोष्टीचे सार, तिचा आतला अर्थ, म्हणजेही मर्म. मर्मभेद करणारा शत्रू आणि मर्म जाणणारा रसिक हे दोघे एकाच जागी पोचलेले असतात. हेतू तेवढे वेगळे. जेथे माणसाचा अर्थ असतो तेथेच त्याला मारता येते, असे ही भाषा म्हणते.

हे मान्य केले तर महानायकाने आपले दौर्बल्य ओलांडावे म्हणजे नेमके काय करावे? सुचणारा पहिला मार्ग अभ्यासाचा. विष रोज थोडे थोडे घेतले तर अंगवळणी पडते, तसे क्रिप्टोनाइटही कणाकणाने का पचवू नये? हा मार्ग इतिहासात एका राजाने चोखाळल्याचे सांगतात. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस देशाचा राजा मिथ्रिडेटीझ विषप्रयोगाच्या भयाने आयुष्यभर अल्प मात्रेत विषे घेत राहिला. इ. स. पूर्व ६३ मध्ये, रोमनांकडून पराभूत होऊन आणि स्वतःच्या मुलाच्या बंडाने कोंडला जाऊन त्याने मरायचे ठरवले, तेव्हा विष त्याला चढेना. शेवटी आपल्याच एका सैनिकाला त्याला विनंती करावी लागली की तलवार चालव. ज्या एका भयाविरुद्ध त्याने जन्मभर तटबंदी उभारली होती ते भय त्याच्याजवळ आलेच नाही. ऐन वेळी जे हवे होते तेही त्या तटबंदीमुळेच आत येऊ शकले नाही. देह अभेद्य करता येतो. पण मृत्यू कोणत्या दाराने येईल आणि आपण त्याला कोणत्या दाराने बोलावू, हे ठरवणारे आपण नसतो.

सुपरमॅनच्या कथाकारांनीही हा प्रयोग करून पाहिला आहे. २००५ ते २००८ या काळात ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी रचलेल्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ या मालिकेत हिरव्या क्रिप्टोनाइटचा त्याच्यावर परिणाम होईनासा होतो. परंतु तो का होत नाही? सूर्याच्या अगदी निकट जाऊन इतरांना वाचवताना त्याच्या देहात सूर्यशक्ती मावेना इतकी भरली आहे. तिने त्याचे बळ अनेक पटींनी वाढले आहे आणि तिनेच त्याच्या पेशी मरत चालल्या आहेत. दौर्बल्य गेले ते मरणाची पूर्वसूचना म्हणून. क्रिप्टनच्या मातीने ज्याला काहीच होत नाही, तो क्रिप्टनचाही राहिलेला नाही आणि फार दिवसांचा सोबतीही नाही.

याहून विचार करायला लावणारा प्रयोग १९७१ सालचा आहे. डेनिस ओनील या लेखकाने जानेवारीच्या अंकात एका झटक्यात पृथ्वीवरचे सगळे क्रिप्टोनाइट नष्ट केले. वाळवंटातला एक प्रयोग फसतो, स्फोट होतो आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक हिरव्या खड्याचे साधे लोखंड होऊन जाते. सुपरमॅनला ते खरे वाटेपर्यंत वेळ लागतो. मग तो त्याचा एक तुकडा चक्क खाऊन दाखवतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले, असे वाटावे असा तो क्षण आहे. पण स्फोटाच्या वेळी वाळूत जेथे त्याचा देह आपटला होता, तेथल्या ठशातून त्याच्याच आकृतीचे एक वालुकामय भूत उठते. ते जवळ आले की त्याचे बळ ओसरू लागते. बाहेरचा दगड गेला आणि त्याची जागा स्वतःच्याच आकृतीने घेतली. मालिकेच्या शेवटी या दोघांना भविष्य दाखवले जाते. दोघे लढतील तर कोणी जिंकणार नाही, पृथ्वी मात्र उरणार नाही. ते भूत माघारी जायला निघते, तेव्हा त्याने शोषलेले बळ सुपरमॅनला परत देऊ करण्यात येते, आणि तो ते नाकारतो. इतके बळ माझ्याजवळ असणे बरे नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

म्हणजे, दौर्बल्य गेल्यावर या महानायकाला पहिली गोष्ट सुचली ती अशी की आपल्याला पुन्हा मर्यादा असाव्यात. मला हा त्या दीर्घ कथेतला सर्वांत प्रगल्भ क्षण वाटतो. मात्र पुढच्या लेखकांना तो मानवला नाही. काही वर्षांतच पूर्ण बळही परत आले आणि त्याच्यामागोमाग क्रिप्टोनाइटही. १९७८ च्या प्रसिद्ध चित्रपटात खलनायकाने ते सुपरमॅनच्या गळ्यातच अडकवले आहे. मर्यादा टाकून दिली की दौर्बल्याला बोलवावे लागते, हा १९४३ चा नियम तेथेही चुकला नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. दौर्बल्य हे आपल्या अस्तित्वाचे मर्म आहे, ते जाणार नाही आणि जाऊही नये, असे म्हणणे फार सोयीचे आहे. दारूच्या आहारी गेलेला गृहस्थ हेच म्हणतो. संतापून घरातल्यांवर हात उगारणाराही ‘माझा स्वभावच तसा’ असेच म्हणतो. मर्म या भारदस्त शब्दाखाली आपण आपले दोष लपवत तर नाही ना? दोष आणि मर्म यांतली रेघ ढोबळपणे अशी ओढता येईल की दोषाची किंमत दुसरे मोजतात आणि मर्माची आपण स्वतः. दोष टाकून देण्याचा प्रयत्न माणसाने केलाच पाहिजे. तेथे क्षमा मागता येईल, समर्थन करता येणार नाही.

परंतु दोष तरी ‘जातो’ का? धर्मराजाचे उदाहरण घ्यावे. द्यूत हा त्याचा दोष, आणि त्याची किंमत द्रौपदीने, भावांनी आणि अखेर सर्व कुरुकुलाने मोजली. तो दोष घालवण्याचा प्रयत्न महाभारतात झालेला आहे, हे आपण बहुधा विसरतो. वनपर्वात बृहदश्व ऋषी त्याला नलाची कथा सांगतात आणि शेवटी अक्षविद्या शिकवतात. त्यानंतर कोणी त्याला फाशांत हरवील हे भय उरत नाही. अज्ञातवासात विराटाच्या दरबारी तो कंक नावाने राहतो, तो द्यूताचा जाणकार म्हणूनच. दौर्बल्य नाहीसे होऊन त्याचे कौशल्य झाले, असे वाटते. मग शल्यपर्वात दुर्योधन डोहातून बाहेर येतो. सारे सैन्य संपलेले आहे, युद्ध जिंकलेले आहे. आणि धर्मराज त्याला म्हणतो की आमच्यापैकी कोणा एकाशी लढ, जिंकलास तर राज्य तुझे. कृष्ण संतापतो. हा तू पुन्हा जुगार मांडलास, शकुनीशी खेळलास तसाच, असे तो त्याला सुनावतो.

धर्मराज फासे टाकायला शिकला होता. डाव न मांडायला शिकला नव्हता. आपण ज्याला आपले दौर्बल्य समजून त्याच्यावर मात करतो ते पुष्कळदा दौर्बल्याचे एक साधन असते. साधन बदलते, आणि मूळ वृत्ती दुसऱ्या वेशात, बहुधा अधिक उदात्त वेशात, उभी राहते. त्या डोहाकाठी ती क्षात्रधर्माच्या वेशात उभी होती. फरक एवढाच पडला की या वेळी ती ओळखणारा आणि तोंडावर सांगणारा एक सखा जवळ होता. द्यूतसभेत तो नव्हता.

त्या सख्याशी माझा विचार येऊन थांबतो. १९८६ नंतर सुपरमॅनची कथा नव्याने लिहिली गेली, तीत त्याचा शत्रू लेक्स लूथर बोटात क्रिप्टोनाइटची अंगठी घालून वावरतो. माणसांना या खड्याची बाधा होत नाही अशी त्याची समजूत असते. ती चुकीची ठरते. खड्याच्या किरणांनी त्याचा हात कापावा लागतो आणि पुढे कर्करोग त्याचा देह पोखरतो. दुसऱ्याचे मर्म मुठीत धरून ठेवणाऱ्याची मूठच गळून पडली, हे त्या कथेने बोध म्हणून सांगितलेले नाही, आणि म्हणूनच ते मनाला भिडते. पुढे ही अंगठी फिरत फिरत सुपरमॅनच्या हाती येते. आता तो ती सूर्यात भिरकावून देऊ शकला असता. १९९० च्या एका कथेत तो ती बॅटमॅनला नेऊन देतो. या दोघांत तोवर मैत्री म्हणावी असे फारसे काही नाही. एकमेकांच्या रीतीविषयी दोघांनाही शंका आहेत. तरी तो देतो. माझ्या मनावर कोणी ताबा मिळवला, माझ्या हातून जगाला धोका निर्माण झाला, तर मला थांबवण्याचे साधन अशा माणसाच्या हाती असावे की ज्याच्यावर मी प्राण सोपवू शकतो, असे त्याचे म्हणणे असते.

दोष आणि मर्म यांच्यामध्ये मी वर ओढलेली रेघ येथे पुसट होते, हे मला कबूल केले पाहिजे. सुपरमॅनला कळले आहे की त्याचे बळच एखाद्या दिवशी दोष ठरू शकेल, आणि त्याची किंमत दुसरे मोजतील. त्या दिवशी त्याच्या देहातली ती एकच हळवी जागा जगाच्या उपयोगी पडणार आहे.

आपल्या परंपरेत या प्रसंगाला एक थोरला भाऊ आहे. युद्धाच्या नवव्या रात्री पांडव भीष्मांच्या शिबिरात जातात आणि तुम्हाला कसे जिंकावे, असे त्यांनाच विचारतात. इच्छामरणाचा वर असलेले भीष्म ते सांगतात. शिखंडीवर मी शस्त्र उचलणार नाही. त्याला पुढे करा. भीष्मांना ठाऊक आहे की आपण ज्या बाजूने उभे आहोत ती न्यायाची बाजू नाही, आणि हेही ठाऊक आहे की ती बाजू सोडणे आपल्याला जमणार नाही. ते आपल्या दौर्बल्याहून मोठे होऊ शकले नाहीत. ज्या निष्ठेने त्यांना भीष्म केले तिनेच त्यांना तेथे जखडले होते. पण आपल्याला कोठे पाडता येते हे त्यांनी नातवांना सांगितले. धर्म त्यांना स्वतःच्या हाताने करता आला नाही. तो इतरांच्या हातून घडावा यासाठी स्वतःच्या देहात त्यांनी वाट करून दिली.

भीष्मांनी जे केले ते पुरेसे होते का? मला तसे वाटत नाही. द्रौपदीच्या प्रश्नाला सभेत दिले न गेलेले उत्तर त्या रात्रीने भरून निघत नाही. आणि सुपरमॅनची अंगठी ज्याच्या हाती गेली तो उद्या बदलणार नाही याची शाश्वती कोण देणार? मर्म सोपवण्यात धोका आहे. डलायलाच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेल्या सॅमसनने ती किंमत डोळ्यांनी मोजली. तरीही न सोपवण्यातला धोका मला अधिक मोठा वाटतो. ज्याचे मर्म कोणालाच ठाऊक नाही त्याला थांबवता येत नाही, तसेच त्याला सांभाळताही येत नाही.

आता माझ्या ‘प’कडे येतो. मोठेपणी मी त्याच्यावर दोन उपाय केले. पहिला उपाय टाळण्याचा. ‘पाणी’ म्हणायची वेळ आली की मी ‘जल’ म्हणे आणि मित्र हसत. ‘पुस्तक’ऐवजी ग्रंथ, ‘पाऊस’ऐवजी वर्षा. शब्दाआधी शब्द शोधण्याची ही सवय इतकी अंगात मुरली की एके दिवशी माझ्या ध्यानात आले, आपल्याजवळ इतरांहून पुष्कळ अधिक शब्द जमले आहेत. मी लिहू लागलो तो त्या साठ्यावर. माझे जे काही थोडे बळ आहे ते अडखळण्याच्याच मातीतून आले आहे. म्हणून मी त्या अडखळण्याचे उपकार मानतो असे मात्र कोणी समजू नये. रेल्वेच्या खिडकीशी उभे राहून ‘पुणे’ म्हणता न आल्यामुळे मी एकदा पुढच्या स्थानकाचे तिकीट काढले आहे. अशा दिवशी माझ्याजवळचे सगळे शब्द देऊन कोणी तो एक शब्द दिला असता तर मी सौदा केला असता.

दुसरा उपाय फार उशिरा सुचला. नावाला प्रतिशब्द नसतो. ते टाळता येत नाही. एका सभेत मला प्रथम स्वतःची ओळख करून द्यायची होती आणि मग निबंध वाचायचा होता. आदल्या संध्याकाळी मी एका जुन्या मित्राला, तीस वर्षांच्या स्नेहात कधी उच्चारली नव्हती ती गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक होतीच; सर्वांनाच असते. मी त्याला म्हटले, उद्या मी अडलो तर शब्द पुरा करू नकोस, नजर वळवू नकोस, नुसता थांब. ही विनंती करताना मला वाटलेली भीती सभेच्या भीतीहून मोठी होती. शब्द पुरा करून देणारे सहृदय लोक मला जन्मभर भेटले होते, आणि प्रत्येकाने माझ्या तोंडचे नाव स्वतःच्या तोंडून उच्चारून ते माझ्यापासून काढून घेतले होते. थांबायला मी कोणालाच सांगितले नव्हते, कारण त्यासाठी दार कोठे अडते ते दाखवावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी अडलो. ओठ मिटले. सभागृहात ती ओळखीची शांतता पसरली. कोणी कागद चाळले, कोणी खाली पाहिले. पहिल्या रांगेत मित्र बसला होता. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग मी माझे नाव सांगितले आणि निबंध उघडला.